व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आणि देशोदेशींची वीज



कामगार चळवळीतल्या माणसाने पगार, बोनस, फार तर संप यांविषयी बोलावे, अशी रीत आहे. आज आम्ही गिटारच्या व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरविषयी बोलणार आहोत. शाळा आमची लवकर सुटली. विजेचे जे काही कळते, ते वायरमन मंडळींच्या शेजारी बसून आणि जुन्या बाजारातली पुस्तके चाळून कळलेले आहे. वाद्यवृंदात रात्र जागवणारा वादक आमच्या लेखी कामगारच. त्याचे हत्यार त्याच्याच जिवावर उठू नये, एवढ्यासाठी हा विषय.

अमेरिकेत भिंतीतून १२० व्होल्ट मिळतात, जपानात १००, आपल्याकडे आणि युरोपात २३०. हा घोळ कोणी घातला? एडिसनच्या दिव्यांना ११० च्या आसपासचा दाब मानवत असे, म्हणून अमेरिका त्याच्याच आसपास राहिली. बर्लिनच्या वीज कंपनीने १८९९ मध्ये दाब २२० वर नेला. दाब दुप्पट केला की तेवढ्याच कामाला प्रवाह निम्मा लागतो आणि तारेतली नासाडी चौथाईवर येते. तांबे वाचले, कंपनी खूश! जपानची तऱ्हा आणखी न्यारी. टोकियोने जर्मन जनित्रे घेतली, ओसाकाने अमेरिकन; म्हणून आजही तिथे पूर्वेला सेकंदास ५० आवर्तने आणि पश्चिमेला ६०. कंपन्यांनी केलेले सौदे वादकाच्या माथी येतात ते असे.

आता यंत्राकडे वळू. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातून १९६२ च्या सुमारास जो पहिला ॲम्प्लिफायर निघाला, त्याची मांडणी अमेरिकन फेंडर बेसमनवरून घेतलेली होती. म्हणजे आतले काम जवळजवळ तेच, भिंतीकडचा ट्रान्स्फॉर्मर मात्र इंग्रजी विजेचा. ट्रान्स्फॉर्मरच्या पलीकडे देश नावाची गोष्ट नाही. व्हॉल्व्हच्या तापत्या तारेला ६.३ व्होल्ट हवेत आणि प्लेटला चारशेच्या वर. ते अमेरिकेत मिळाले काय नि सोलापुरात मिळाले काय!

कित्येक ट्रान्स्फॉर्मरांना आत येणाऱ्या विजेसाठी १२० ची दोन वेटोळी असतात. पहिल्याचा शेवट दुसऱ्याच्या आरंभाला जोडला की २४० चे यंत्र झाले. आरंभाला आरंभ आणि शेवटाला शेवट जोडला की १२० चे. टोके उलटली तर एक वेटोळे दुसऱ्याचे चुंबकत्व खोडते आणि तार धडाधड प्रवाह ओढते. म्हणून नवी जोडणी थेट भिंतीला लावू नये. व्हॉल्व्ह काढून ठेवावेत आणि मध्ये साठ वॅटचा जुन्या तऱ्हेचा तारेचा दिवा घालावा. दिवा लखलखीत पेटला तर घात आहे. क्षणभर चमकून विझत आला तर पुढे जावे. काम थांबवून पेटी उघडताना आणखी एक सांभाळायचे. वीज काढली तरी मोठ्या कपॅसिटरांत शेकडो व्होल्ट बसून असतात. ते रेझिस्टरमधून उतरवून, मीटरने पाहून मगच हात घालावा.

फ्यूजचा विसर फार जणांना पडतो. १८० वॅट ओढणारे यंत्र १२० वर दीड अँपिअर घेते, २४० वर पाऊण. जुनाच फ्यूज ठेवला तर तो राखणदार झोपलेला समजावा. तसेच बटण २२० वर आणि वीज २४० ची, असे झाले तर ६.३ चे ६.८७ होतात आणि प्लेटचे ४५० चे ४९०. व्हॉल्व्हचे आयुष्य त्याने घटते. शंका असेल तिथे वरचा आकडा धरावा.

वेटोळे एकच, १२० चे असेल, तर दाब उतरवणारा बाहेरचा ट्रान्स्फॉर्मर लागतो. पण तो दाब उतरवतो, आवर्तने उतरवत नाही. निव्वळ ६० आवर्तनांसाठी बांधलेल्या गाभ्यात ५० वर एकपंचमांश चुंबकत्व जास्त भरते. तो गुणगुणतो आणि तापतो. तासभर चालवून हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल, तर ट्रान्स्फॉर्मरच बदलावा. इथे काटकसर कामाची नाही.

आणि आता ज्याच्यासाठी हे व्याख्यान, ती अर्थची तार. जुन्या अमेरिकन यंत्रांना दोनच पिना असत, आणि विजेच्या एका तारेपासून लोखंडी सांगाड्यापर्यंत एक छोटा कपॅसिटर. तिकडचे कारागीर त्याला ‘मृत्यूचा कपॅसिटर’ म्हणतात, ते उगाच नव्हे. तो आतून जोडला गेला की सांगाडा जिवंत होतो, आणि गिटारच्या तारा त्या सांगाड्यालाच जोडलेल्या असतात. एक हात तारांवर, दुसरा ध्वनिक्षेपकावर; दोहोंत फरक पडला तर वाट छातीतून जाते. स्टोन द क्रोज या स्कॉटिश वाद्यवृंदातला गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये वेल्समधल्या स्वान्झीत मंचावर असाच गेला. तिथे ध्वनिक्षेपकाला अर्थ नव्हता.

तो कपॅसिटर कापून टाकावा. तीन पिनांची दोर बसवावी. हिरवी तार सांगाड्याला स्वतंत्र बोल्टने आवळावी आणि इतर दोहोंपेक्षा थोडी लांब ठेवावी, म्हणजे दोर ओढली गेली तर ती शेवटी तुटेल. रंगांवर विसंबू नये. अमेरिकेत काळी तार जिवंत, आपल्या जुन्या वायरिंगमध्ये काळी न्यूट्रल! बाजारात मिळणाऱ्या कित्येक उतरवणाऱ्या ट्रान्स्फॉर्मरांना दोनच भोके असतात. तिथे आपली हिरवी तार लटकती राहते. असला माल घेऊ नये.

एवढे करूनही सभागृहातल्या भिंतीतले तिसरे भोक नुसते शोभेचे असू शकते. एका सभागृहात आम्ही ते उघडून पाहिले, तर मागे तारच नव्हती. व्यवस्थापक म्हणाले, आजवर कोणाची तक्रार आली नाही. तेव्हापासून वादकांच्या करारपत्रात पैशांच्या कलमाआधी आम्ही हे घालायला लावतो, की कार्यक्रमापूर्वी अर्थ तपासलेली असावी आणि तपासणाऱ्याची सही असावी. आयोजक कुरकुरतात, मग देतात. आणि ज्याने यंत्र बदलले त्याने मागचा ‘१२० व्होल्ट’ हा जुना शिक्का रंगाने पुसून नवा दाब, आवर्तने आणि फ्यूज तिथे ठळक लिहावेत; यंत्र विकले जाते, आणि घेणाऱ्याला आत काय केले आहे ते दिसत नसते.