सोललेला नारळ



मघाशी स्वागताध्यक्षांनी माझ्या खांद्यावर शाल घातली आणि हा नारळ हातात दिला. शेजारी बसलेल्या कार्यवाहांना मी हळूच विचारलं, "कोणाच्या बागेतला?" ते म्हणाले, "बागेतलो खंयसून हाडतलंव, सर? बाजारातलो आसा." आणि बाजारात तो कर्नाटकातून ट्रकने आला. या मंडपाच्या मागे माडांची रांग आहे. माडांना नारळ आहेत, पण वर चढणारा माणूस गावात उरला नाही. म्हणून त्या रांगेखाली गाड्या लावू नका, अशी सूचना सकाळी ध्वनिक्षेपकावरून तीनदा झाली. अध्यक्षीय भाषण इथेच संपवता आलं असतं. पण कार्यक्रमपत्रिकेत मला पाऊण तास दिलाय आणि तो मी सोडणार नाही.

"कोकणचा कॅलिफोर्निया करू" हे वाक्य मी शाळेत असल्यापासून ऐकतो आहे. बोलणारे गेले, त्यांची मुलं आली, पक्ष फुटले, चिन्हं बदलली. कॅलिफोर्निया आहे तिथेच आहे. नाही म्हणायला एका बाबतीत आपण त्याची बरोबरी केली. तिथल्या मळ्यांत मेक्सिकोतून आलेले मजूर राबतात आणि आपल्या आंब्याच्या बागांत नेपाळातून आलेले. बाग आपली, राखण परक्याची, आणि आपला मुलगा नालासोपाऱ्यात दहा बाय बाराच्या खोलीत. 1982 च्या संपात मुंबईच्या गिरण्या बसल्या, मनीऑर्डरी आटल्या. तेव्हा तरी या प्रदेशाने स्वतःच्या पायाखाली बघायला हवं होतं. आपण मुलांना सिक्युरिटी गार्ड केलं.

कोकणात काही पिकत नाही, असं कोणी म्हणत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. इथून सगळं कच्चं जातं. आंबा कच्चा जातो, काजूबी कच्ची जाते, मासळी बर्फात घालून कच्ची जाते, आणि बारावी झालेला मुलगाही कच्चाच जातो. पक्का होऊन जे परत येतं ते आपण विकत घेतो. मुलगा मात्र गणपतीला चार दिवस येतो, तेही रेल्वेचं तिकीट मिळालं तर. रस्त्याने यायचं तर मुंबई-गोवा महामार्ग आहे. त्याचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं. जास्त बोलत नाही. समोर बसलेल्यांपैकी अनेकांची कंबर त्याला साक्ष आहे.

आता काजूच्या बोंडूबद्दल बोलतो. साहित्य संमेलनात बोंडू! नाकं मुरडायची त्यांनी खुशाल मुरडावीत.

एप्रिलमध्ये कोणत्याही काजूच्या बागेत जा. झाडाखाली पिवळे-तांबडे बोंडू पडलेले असतात. बाई वाकते, बोंडू उचलते, बी पिळून तोडते, बी टोपलीत टाकते आणि बोंडू मागे फेकते. दिवसभर हेच. संध्याकाळी टोपलीत बी असते आणि बीच्या पाच-सहा पट वजनाचा बोंडू मातीत कुजत असतो. आंबूस वास, वर चिलटं. आता तेरेखोलची नदी ओलांडा. तोच बोंडू, तीच लाल माती. पण पलीकडे तो दगडी कुंडात तुडवला जातो. त्याचा नीरो निघतो, पहिल्या उकळीला हुर्राक, दुसऱ्या उकळीला फेणी. 2009 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, आज ती काचेच्या बाटलीत बसून विमानतळावर विकली जाते. नदीच्या अलीकडे हेच केलं तर 1949 चा दारूबंदी कायदा आहे आणि पोलीस आहेत. परवान्याची वाट कागदावर असेल, पण चार एकराच्या बागायतदाराला तिथपर्यंत पोचवणारं कोणी नाही. मी दारूचा प्रचार करत नाही, माझं पोट त्या कामाचं राहिलेलं नाही. दारू नको तर सरबत करा, सिरप करा, गुरांचं खाद्य करा, काहीही करा. दापोलीचं कृषी विद्यापीठ 1972 पासून आहे, पेयं करण्याच्या रीती आहेत. गावात नाही ते यंत्र, शीतघर, आणि पहिली दोन वर्षं तोटा सोसणारा सोबती.

1990 मध्ये रोजगार हमीशी जोडून फळबाग लागवडीची योजना आली. ती उत्तम योजना होती. सरकारला शिव्या घालायची सवय असलेल्यांनी हेही ऐकावं. वरकस जमिनीवर, कातळात सुरुंग लावून खड्डे पाडून माणसांनी कलमं जगवली. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्राने वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशा जाती दिल्या. झाडं उभी राहिली आणि योजना तिथेच बसली. झाडानंतरचं कोणी लावलंच नाही. त्यामुळे आज आपल्याच जिल्ह्यातल्या कारखान्यात आफ्रिकेतली बी फोडली जाते आणि आपल्या बीचा भाव त्या बीकडे बघून ठरतो. मे महिन्यात हापूसचा भाव कॅनिंगवाला ठरवतो, तसाच. 2018 मध्ये हापूसला मानांकन मिळालं तेव्हा आपण फटाके वाजवले. वाशीच्या बाजारात मात्र कर्नाटकाच्या आंब्यावर देवगडचं नाव छापलेली पेटी त्या संध्याकाळीही विकली गेली असणार.

मग कोणीतरी उठतो आणि म्हणतो, "याला उपाय एकच, मोठा प्रकल्प आणा." लगेच दुसरा उठतो, "प्रकल्प हटाव." या दोघांची कुस्ती मी तीस वर्षं बघतो आहे. दाभोळचा एन्रॉन वीज प्रकल्प आला, 1999 मध्ये त्याचा पहिला टप्पा सुरू झाला आणि 2001 मध्ये बंदही पडला. जैतापूरला 10,380 मेगावॉटच्या अणुवीज प्रकल्पाचा आराखडा आहे. नाणारच्या रिफायनरीची अधिसूचना 2019 मध्ये मागे घेतली, मग तिच्यासाठी बारसू आलं. त्या सड्यावर कातळशिल्पं आहेत, हजारो वर्षांपूर्वी कोणी माणसाने जांभ्यात कोरलेली. सर्वेक्षणाला विरोध करणाऱ्या बायांना पोलिसांनी उचलून गाडीत घातलं, ते आपण दूरदर्शन संचावर पाहिलं. मी त्या बायांच्या बाजूचा आहे आणि ते इथे स्पष्ट सांगतो. पण आंदोलकांनाही माझा एक प्रश्न आहे. प्रकल्प हटला, गुलाल उधळला, दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा मुलगा कुठे गेला? तो पुण्याच्या गाडीत बसला. 'नको' म्हणणं हा आपला हक्क आहे, पण त्याच्यावर चूल पेटत नाही.

चूल पेटलेली बघायची तर मंडणगड तालुक्यातल्या वेळासला जा. तिथल्या किनाऱ्यावर समुद्री कासवांची अंडी चोरीला जात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने 2002 पासून गावकऱ्यांना घेऊन ती राखायला सुरुवात केली. पुढे कासव महोत्सव भरू लागला. आता पिल्लं समुद्रात जाताना बघायला माणसं येतात आणि गावातल्या घरांतच राहतात. ओटीवर झोपतात, त्या घरची बाई वाढेल ते जेवतात, आणि पैसे त्या बाईच्या हातात पडतात. त्यात रिसॉर्टवाला नाही आणि समुद्रकाठची जमीनही विकावी लागली नाही. सगळं गोड आहे असं नाही. हंगाम दोन-अडीच महिन्यांचा, पुढे पावसाळा, उरलेलं वर्ष पूर्वीसारखंच. पण वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका होडीतून कांदळवन दाखवतात, तेव्हा त्यांना कोणी कॅलिफोर्नियाचं स्वप्न दिलेलं नसतं. वल्हं त्यांच्याच हातात असतं.

समुद्राचंही सांगतो. मी लहानपणी मालवणच्या बाजूला रापण बघितली आहे. होडी अर्धवर्तुळात जाळं सोडत जायची, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर. सगळे ओढायचे. मासळी वाळूत पडली की वाटे व्हायचे आणि दोराला हात लावलेल्या पोरालाही मूठभर पेडवे मिळायचे. मला मिळाले आहेत. ते घेऊन घरी पळताना जी ऐट वाटली ती नंतर कुठल्या पुरस्कारात वाटली नाही. आता यांत्रिक बोटींची पर्ससीन मासेमारी आली. 2016 मध्ये राज्याने तिच्यावर निर्बंध घातले, 2017 मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली. तरी रात्री क्षितिजावर दिव्यांची रांग दिसते. पाहुणे तिचे फोटो काढतात. "किती सुंदर," म्हणतात. रापणकर त्याच दिव्यांकडे बघत बसलेला असतो.

आणि आता आपल्याकडे येतो, कारण इतका वेळ आपण दुसऱ्यांना झोडपलं आणि तुम्ही टाळ्या दिल्या.

आपल्या सातबाऱ्यावर किती नावं आहेत? सतरा? एकवीस? त्यातले चार वारले, वारस लावलेले नाहीत. दोघी बहिणी बडोद्याला, एक चुलता कुठे आहे ते कोणाला माहीत नाही. गावात राहिलेला एकटा भाऊ त्या जमिनीवर कर्ज काढू शकत नाही, पंप बसवू शकत नाही, अनुदान मागू शकत नाही, कारण एकवीस सह्या जमत नाहीत. एकवीस सह्या जमतात त्या एकाच दिवशी, विक्रीच्या. दलाल गाडी करून सगळ्यांना तालुक्याला आणतो, जेवण घालतो. तिथे बरोबर सगळे भाऊबंद हजर.

का नाही देत आपण जमीन कसायला, गावात राहिलेल्याला? "कूळ लागेल." हे कोण म्हणतं? चरीच्या कुळांनी 1933 पासून नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून खोतांविरुद्ध सहा-सात वर्षं शेतं ओस ठेवली, उपास काढले. बाबासाहेबांनी 1937 मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. 1949 मध्ये कायदा झाला. त्या लढ्यामुळे ज्यांच्या आजोबांना जमीन मिळाली, त्यांचे नातू आज ठाण्याच्या फ्लॅटमध्ये बसून कुळाला घाबरतात आणि जमीन पड ठेवतात. खोत गेला म्हणता? तो बदलापूरला राहायला गेला आहे.

यात लेखक सुटले असं समजू नका. श्री. ना. पेंडशांनी गारंबीचा बापू लिहिला तेव्हा त्यात सुपारीचा व्यवहार होता, वखार होती, पैशाची भांडणं होती. त्यानंतर आपण काय लिहिलं? पाऊस, माड, लाल वाट, आजीची गोधडी. मीही लिहिलं. काही वर्षांपूर्वी माझ्या एका ललित लेखातली दोन वाक्यं एका प्लॉटच्या माहितीपत्रकात छापून आली, समुद्राच्या फोटोखाली. परवानगी विचारली नव्हती. मला राग आला असेल असं तुम्हाला वाटेल. मी ते पत्रक बायकोला दाखवलं आणि आठ दिवस दिवाणखान्यात टीपॉयवर ठेवलं. आज तुमच्या हातातली स्मरणिका उलटी करा. मलपृष्ठावर काय आहे? 'सी-व्ह्यू एनए प्लॉट, स्वच्छ सातबारा.' स्वच्छ म्हणजे त्यावर आपल्यातल्या कोणाचंही नाव उरलेलं नाही. 'येवा, कोकण आपलाच आसा' ही पाटी लावताना 'आपला' म्हणजे नेमका कोणाचा, ते एकदा मलपृष्ठावरच वाचून घ्या.

हा नारळ मी घरी नेणार आहे. रुजत घालावा असं मनात आलं होतं, पण हा सोललेला आहे. याला कोंब यायचा नाही. उद्या आमटीत जाईल.

ठराव वाचायच्या आधी एक मोजणी करू. ज्यांच्या सातबाऱ्यावर पाचापेक्षा जास्त नावं आहेत त्यांनी हात वर करा. लाजू नका. बघा, मंडप भरला. आता गेल्या वर्षभरात ज्यांनी त्या नावांपैकी एकाला तरी फोन करून विचारलं, की गावातल्या भावाला जमीन लिहून देऊ या का, निदान दहा वर्षांच्या कराराने, तेवढ्यांचेच हात वर राहू देत.

बाकीचे खाली घ्या.

माझाही खालीच आहे. कार्यवाह, वर राहिलेले किती ते मोजा आणि आकडा इतिवृत्तात लिहा.