कांदा-भाकरीच्या जोडीला



आपला येवला तालुका कांद्याचा. अंदरसुलाला कांद्याचा बाजार, मळ्यामळ्यात कांद्याच्या चाळी. आपल्या ताटातही कांदा-भाकर ठरलेली. कांदा काही वाईट नाही. पण त्यात बराचसा भाग पाण्याचाच असतो. कांद्याने तोंडाला चव येते. अंगाला जे जे लागते ते सारे त्यातून मिळत नाही. मग भाकरीच्या जोडीला आणखी काय घ्यावे? आज तेवढेच बोलू.

आधी एक जुनी हकीकत सांगतो. पूर्वी विलायतेचे खलाशी महिनेन्‌महिने गलबतावर राहत. खायला वाळलेली बिस्किटे आणि खारवलेले मांस. ताजे काही नाही. त्यांच्या हिरड्या सुजत, दात हलत, अंगावर काळे डाग पडत. पुष्कळ माणसे मरत. 1747 साली जेम्स लिंड नावाच्या डॉक्टराने अशा 12 आजारी खलाशांच्या सहा जोड्या केल्या. एका जोडीला शिरका दिला, एकीला समुद्राचे पाणी दिले, एकीला संत्री आणि लिंबे दिली. असे प्रत्येकीला वेगळे. संत्री-लिंबे खाणारे दोघे सगळ्यांत आधी बरे झाले. पोट भरलेले असूनही माणूस उपाशी असतो तो असा!

आता आपल्याकडे पाहा. 2019 ते 2021 या काळात सरकारने देशभर घरोघर पाहणी केली. 15 ते 49 वर्षांच्या दर 100 बायांपैकी 57 जणींच्या अंगात रक्त कमी निघाले. पाच वर्षांखालच्या पोरांत तर 100 मागे 67. शाळेत असताना मी पाहत असे. प्रार्थनेला उभी राहिलेली मुलगी एकदम खाली बसायची. विचारावे तर म्हणायची, "काही नाही गुरुजी, चक्कर आली." घरी बाई सगळ्यांच्या मागून जेवते. तोवर भाजीची कढई खरवडायची राहिलेली असते. हे मला बरे वाटत नाही. भाजी वाढतानाच तिचा वाटा बाजूला काढून ठेवावा. त्याला पैसा लागत नाही.

रक्त वाढायला लोह लागते. बाजरीत ते चांगले असते, पालेभाजीत असते, मटकी-हुलग्यात असते. पण धान्या-भाजीतले लोह अंगी लागायला जड. त्यावर लिंबू पिळा किंवा जेवणाबरोबर पेरूची फोड, आवळ्याची फोड खा, म्हणजे ते लवकर लागू पडते. उलट जेवणावर लगेच चहा घेतला तर ते वाया जाते. आमच्या येवल्यात मागावर बसणारी मंडळी चहाशिवाय धोटा हलवत नाहीत, हे मला ठाऊक आहे! चहा सोडा म्हणत नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा.

डोळ्यांसाठी गाजर, पिकलेली पपई, मेथी, शेवग्याचा पाला. शेवग्याच्या शेंगा आपण विकतो आणि पाला शेळीला घालतो. शेळी धडधाकट राहते! कोवळा पाला डाळीत घाला. भाजीला थोडे तेल असू द्या. तेलाशिवाय त्यातले डोळ्यांना लागणारे सत्त्व अंगात नीट जिरत नाही.

कांदा निंदताना घोळ, तांदुळजा उपटून बांधावर फेकता ना? ती भाजीच आहे. मात्र तणनाशक किंवा दुसरे औषध मारलेल्या वावरातली भाजी घरात आणू नका.

भाजी आधी धुवा, मग चिरा. चिरून पाण्यात भिजत ठेवू नका. शिजवलेले पाणी ओतून देऊ नका, त्यात सत्त्व उतरलेले असते. त्याचे कोरड्यास करा.

कोणी सांगतात, नुसती फळे आणि भाज्या खाऊन राहावे. ते मला पटत नाही. दिवसभर कुदळ मारणाऱ्याला त्याने बळ कुठून येणार? भाकरी हवी, डाळ हवी, मूठभर शेंगदाणे हवेत. आणि ब-12 नावाचे एक जीवनसत्त्व फळा-भाजीतून मिळतच नाही. ते दूध, दही, ताक, अंडी, मासे, मटण यांतून येते. माळकरी घरात म्हणून दूध-ताक चुकवू नये. सगळे दूध डेअरीला घालून पोरांना काळा चहा देणे हा खोटा हिशेब.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली आहाराचे नियम काढले. एका मोठ्या माणसाने दिवसाला 400 ग्रॅम भाजी आणि 100 ग्रॅम फळे खावीत, असे त्यात आहे. पाच माणसांच्या घरात म्हणजे दोन किलो भाजी! तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे कसे जमावे? एकदम जमणार नाही. आज पावशेर भाजी घरात येत असेल तर ती अर्धा किलो करा. पोरांना पाच रुपयांच्या कुरकुऱ्यांऐवजी पेरू द्या, बोरे द्या. पेरूत संत्र्याहून कितीतरी अधिक क जीवनसत्त्व असते. महागड्या सफरचंदाचे आपल्याला काय काम?

आणि परसात झाडे लावा. पालखेडचे पाणी तालुक्याच्या सगळ्या गावांना पोचत नाही. राजापूरकडच्या लोकांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. पण न्हाणीचे पाणी तर प्रत्येक घरी सांडते. त्या पाण्यावर एक शेवगा आणि एक पपई निभावते. शेवग्याची फांदी पावसाच्या तोंडावर खोचली तरी फुटते. पपईची मात्र तीन-चार रोपे लावा, कारण काही नर निघतात आणि त्यांना फळ धरत नाही. फुले आल्यावर नर ओळखू येतील, ते काढून टाका.