ताणलेल्या वस्त्राच्या इमारती



फरासखाना म्हटले की पुणेकराला आज पोलीस ठाणे आठवते. परंतु मराठेशाहीत फरासखाना हे सरकारचे एक नांदते खाते होते, आणि तंबू, डेरे, राहुट्या, कनाती, जाजमे यांचा सांभाळ, त्यांची दुरुस्ती, आणि स्वारी निघाली म्हणजे त्यांची उभारणी, हा सारा बंदोबस्त त्याच्याकडे असे. दरबार भरावयाचे, तहाच्या वाटाघाटी चालावयाच्या, त्या कित्येकदा या कापडी छपराखालीच. तरीसुद्धा पक्की इमारत म्हटली की ती दगडाची, विटेची, फार तर सिमेंटची, आणि कापडाचे जे असेल ते लग्नकार्यापुरते, असा निकाल आपण केव्हाच देऊन टाकला आहे. तो निकाल फेरतपासणीस घ्यावा, एवढीच आज माझी विनंती आहे; कारण गेल्या सत्तर वर्षांत या छपराचे एक शास्त्र बनले असून, कारखान्यात बेतून तयार केलेल्या आणि जागेवर नेऊन ताणून उभ्या केलेल्या वस्त्राच्या इमारती आज विमानतळ, क्रीडांगणे, गुदामे आणि रुग्णालये म्हणून जगभर वापरात आहेत.

या इमारतींचे विक्रेते त्यांची तारीफ करतात ती मुख्यतः दोन गोष्टींसाठी, त्वरेसाठी आणि स्वस्ताईसाठी. पैकी त्वरा खरी आहे. स्वस्ताई मात्र तपासून घेण्याची चीज आहे, कारण उत्तम प्रतीचे कापड, ॲल्युमिनियमच्या कमानी आणि जाणकार कारागीर यांतले काहीच स्वस्त मिळत नाही. माझ्या मते या बांधकामाचा खरा गुण त्याच्या हलकेपणात आहे, आणि त्याच्या साऱ्या सोयी व साऱ्या अडचणी या एका गुणातूनच निघतात. पाच इंच जाडीच्या काँक्रीटच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भरते. छपरासाठी वापरतात त्या लेप दिलेल्या कापडाचे वजन तेवढ्याच जागेस एक-दीड किलो. स्लॅबची बहुतेक शक्ती स्वतःलाच उचलून धरण्यात खर्ची पडते, त्या स्लॅबसाठी तुळया लागतात, तुळयांसाठी खांब, खांबांसाठी पाया, आणि अखेरीस माणूस ज्या मोकळ्या जागेसाठी इमारत बांधतो ती जागाच खांबांनी अडून जाते.

वजनाची किंमत पैशातच मोजावी लागते असेही नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला तेव्हा जी हजारो माणसे गेली, त्यांतील बहुतेक जाड दगडी भिंती आणि मातीची माळवदे अंगावर कोसळून गेली. उन्हाळ्यात घर थंड ठेवणारे ते माळवद मराठवाड्याच्या अनुभवाचे फळ होते, त्याची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. परंतु भूकंपाचा धक्का वजनाच्या प्रमाणात वाढतो, आणि ज्या छपराला वजनच नाही त्याच्या वाट्याला तो जवळजवळ येत नाही, हा पदार्थविज्ञानाचा नियम आहे.

या शास्त्राचा पाया मुख्यतः फ्राय ओटो या जर्मन वास्तुविशारदाने घातला. दुसऱ्या महायुद्धात वैमानिक असलेला हा तरुण फ्रान्समध्ये शार्त्र येथे युद्धकैदी झाला. तेथे बांधकामाचे काम त्याच्याकडे आले, पण सामग्री हाताशी फारशी नव्हती, आणि थोड्यात थोड्या साहित्यात निवारा कसा करावा हा प्रश्न त्या छावणीत त्याच्या मागे लागला तो आयुष्यभर सुटला नाही. १९५४ मध्ये त्याचा लटकत्या छपरांवरील प्रबंध प्रसिद्ध झाला आणि १९५५ मध्ये कासेल येथील उद्यान-प्रदर्शनात त्याने वादकांसाठी चार टोकांवर ताणलेले एक सुती छत उभारले. त्याची प्रयोगाची रीत मोठी मनोहर होती. तारेची चौकट साबणाच्या पाण्यात बुडवून बाहेर काढली म्हणजे तिच्यावर जो पडदा धरतो तो कमीत कमी क्षेत्रफळाचा आणि सर्व दिशांनी सारख्या ताणाचा असतो. ओटो त्या पडद्याची छायाचित्रे घेई, मापे काढी आणि त्यावरून छपराचा आकार ठरवी. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकच्या क्रीडांगणावरील विख्यात छप्पर कापडाचे नाही, पोलादी दोरांच्या जाळ्यावर पारदर्शक तक्ते बसवून ते केलेले आहे. परंतु त्यामागचे तत्त्व हेच, आणि त्यामागचा एक मेंदूही हाच.

ते तत्त्व असे, की कापड दाबता येत नाही, ते फक्त ओढता येते. यास्तव त्याला असा आकार द्यावा लागतो की एका बाजूने पाहावे तर ते मध्ये झुकलेले आणि दुसऱ्या बाजूने पाहावे तर मध्ये उचललेले, म्हणजे घोड्याच्या खोगिरासारखे, दिसावे. पावसाचा भार आला की एका दिशेचे धागे तो पेलतात, वारा खालून उचलू लागला की दुसऱ्या दिशेचे धागे त्याला धरून ठेवतात, आणि दोहोंना आधीच ताण दिलेला असल्यामुळे कापड फडफडत नाही. सपाट बांधलेल्या मांडवात पाणी साचून तो पोटाशी फुगतो, आणि फडफडून फडफडून शिवणीत फाटतो, त्याचे कारण हेच, की त्याला आकारही नाही आणि पुरेसा ताणही नाही.

आता कारखान्यात काय चालते ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. ताण्याचे सूत आणि बाण्याचे सूत सारखे ताणत नाही, ही गोष्ट इचलकरंजीच्या कोणत्याही मागवाल्याला ठाऊक असते. म्हणून प्रत्येक गुंडाळीचा तुकडा यंत्रावर दोन्ही दिशांनी ओढून तो किती देतो ते मोजतात, आणि तेवढे कमी करून पट्टे बेततात, जेणेकरून जागेवर ताण दिल्यावरच कापड नेमके बसावे. पट्ट्यांचे सांधे सुईने शिवत नाहीत, उष्णतेने एकजीव करतात. कडेला दुमडीत एक दोरी घालतात. ॲल्युमिनियमच्या कमानीला दोन्ही अंगांनी लांबलचक खाचा असतात, त्यांत ही दोरीची कड सरकवत कमानीच्या माथ्यावरून पलीकडे नेतात, आणि मग कमानी एकमेकींपासून दूर सारून कापड ताठ करतात. लाकडी फळ्या, सळ्या, सिमेंटवर पाणी मारणे, स्लॅब सुकण्याची मुदत, यांतले काहीच नाही. आपल्याकडचे मंडपवाले याच जातीच्या, पण भाड्याने देण्याच्या साध्या सांगाड्याला ‘जर्मन हँगर’ म्हणतात, आणि तो एका गावी उतरवून दुसऱ्या गावी चढवतात.

अशा छपराखाली प्रकाशाचीही मोठी सोय असते. काचेच्या धाग्यांवर टेफ्लॉनचा लेप दिलेले पांढरे कापड पुष्कळसे ऊन परतवून लावते आणि दहा-पंधरा टक्के उजेड आत सोडते, त्यामुळे दिवसा दिव्यांची गरज भासत नाही. जेद्दा येथील हज यात्रेकरूंच्या विमानतळावर १९८१ मध्ये अशा कापडाची २१० छत्रे उभारली गेली, प्रत्येक ४५ मीटर लांब आणि तेवढेच रुंद. बाजू मोकळ्या, वर पांढरे छत, आणि अरबी वाळवंटात वातानुकूलनावाचून हजारो माणसे बसू शकतील अशी सावली. त्याचे स्थापत्य पाहणारे फझलुर रहमान खान हे मूळचे ढाक्याचे; शिकागोचा सिअर्स टॉवर, जो त्या वेळी जगातील सर्वांत उंच होता, त्याचाही सांगाडा त्यांचाच. गगनचुंबी पोलाद आणि तंबू हे दोन्ही ज्याला सारख्याच मोलाचे वाटावे, अशा मनाची आपल्या बांधकाम खात्यांत थोडी वाण आहे.

अमेरिकेतील डेन्व्हरच्या विमानतळाचा दाखला याहून उद्बोधक आहे. तेथील मुख्य इमारतीचा पहिला आराखडा रूढ पद्धतीच्या छपराचा होता. तो बदलून ३४ खांबांवर तोललेले दुहेरी कापडाचे छप्पर घेतले, त्यात वजन आणि वेळ दोन्ही वाचले. विमानतळ मात्र सोळा महिने उशिरा, फेब्रुवारी १९९५ मध्ये उघडला, आणि त्याचे कारण छप्पर नव्हते, सामान वाहून नेणारी स्वयंचलित यंत्रणा होती. आपल्याकडे वानखेडे मैदानाने २०११ च्या विश्वचषकापूर्वी कापडी छप्पर घेतले आहे, आणि तेथे प्रेक्षकाच्या नजरेआड खांब येत नाही, हे क्रिकेटप्रेमी श्रोत्यांना मी सांगावयास नको.

येथवर स्तुती झाली. आता हलकेपणाचा दुसरा हिशेब. आपल्या राष्ट्रीय मानकाप्रमाणे वाऱ्याचा मूळ वेग पुण्यास सेकंदाला ३९ मीटर आणि मुंबईस ४४ मीटर धरावा लागतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून हा पाच मीटरांचा फरक दिसावयास लहान असला तरी मुंबईचा दाब पुण्याच्या सव्वापटीहून अधिक निघतो, ढोबळ मानाने दर चौरस मीटरला ११८ किलो. एक-दीड किलोच्या कापडाला शंभरावर किलोंचा झोत उचलू पाहतो, म्हणजेच या इमारतीचा पाया भार झेलण्यासाठी नसून तिला जमिनीशी बांधून ठेवण्यासाठी असतो. रूढ इमारतीत पाया कमी पडला तर ती खचते. येथे मेख आणि तणावा कमी पडला तर ती उडते.

मुंबईत याचा प्रत्यय आलेला आहे. मे २०२० मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर हजारावर खाटांचे तंबूवजा रुग्णालय काही आठवड्यांत उभे राहिले. वीट आणि सिमेंट घेऊन ते त्या मुदतीत कोणालाही साधले नसते. परंतु जूनच्या आरंभी निसर्ग चक्रीवादळ येत आहे असे कळताच तेथील रुग्ण हलवावे लागले, आणि पुढील वर्षी तौक्ते वादळाच्या वेळी तेथून, तसेच दहिसर आणि मुलुंड येथून मिळून सुमारे ५८० रुग्णांना रातोरात पक्क्या इमारतींत न्यावे लागले. महानगरपालिकेचा हा निर्णय शहाणपणाचाच होता. घाईत मांडलेला हँगर आणि हिशेबाने ताणलेली इमारत यांत मोठे अंतर आहे, आणि ते अंतर नेमके अशा रात्री कळते. लंडनच्या मिलेनियम डोमचे कापड फेब्रुवारी २०२२ च्या वादळात फाटून लोंबकळले, तरी त्याचे बारा खांब आणि पोलादी दोर जागचे हलले नाहीत. इमारत पुन्हा वापरात आली.

आयुष्याचे म्हणाल, तर पॉलिएस्टरवर पीव्हीसीचा लेप दिलेले कापड पंधरा-वीस वर्षे पुरते, काच आणि टेफ्लॉनचे तीस वर्षांहून अधिक. मुसळधार पाऊस लागला की आत ताशा वाजू लागतो आणि शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. सुरी घेऊन येणाऱ्या चोराला कुलूप फोडावे लागत नाही. या कारणांनी राहत्या घरासाठी मी ही पद्धत सुचवणार नाही. जेथे विस्तीर्ण, बिनखांबी, उजेडाची जागा हवी, जमीन आपल्या मालकीची नाही किंवा काळी आणि फुगणारी आहे, अथवा गरज हंगामी आहे, तेथे मात्र तिच्याशी स्पर्धा करील असे बांधकाम मला माहीत नाही. लासलगावसारख्या बाजार समितीच्या आवारात ट्रॅक्टरांच्या रांगा उघड्यावर उभ्या असतात आणि अवकाळी पावसाच्या एका सरीने शेतकऱ्याचा कांदा भिजून भाव पडतो. तेथे ट्रॅक्टर वळवावयास खांब आड येणार नाही असे पांढरे छत का नसावे, याला मला उत्तर सापडलेले नाही.

म्हणून बाजार समित्या, नगरपालिका आणि जिल्हा परिषदा यांच्या कारभाऱ्यांना माझी एक विनंती आहे. निविदेचा मसुदा करताना त्या गावाचा वाऱ्याचा वेग आणि तो सोसेल अशा पायाचा हिशेब अभियंत्याच्या सहीनिशी मागा, आणि दर पावसाळ्यापूर्वी ताण तपासून देण्याची जबाबदारी मक्तेदारावर किमान दहा वर्षे राहील असे कलम घाला. ही दोन कलमे लिहून घेण्याची तयारी नसेल, तर कापडाचे छप्पर घेऊ नका. पत्र्याचीच शेड बांधा.