आगटीभोवती

मघापासून माझ्याकडे नव्हे तर मंडपामागच्या पातेल्यांकडे बघणाऱ्या मुला-मुलींनो,

तुमची काही चूक नाही. मसालेभाताचा वास मलाही येतोय.

मुख्याध्यापक सरांनी फोनवर सांगितलं होतं, मुलांना यशाचं रहस्य सांगा. रहस्य-बिहस्य माझ्याकडे काही नाही. एक फजिती आहे, ती सांगतो.

चार वर्षांपूर्वी पुण्यात मला स्वतःला सुधारायचं वेड लागलं. मनगटावर घड्याळ, ओट्यावर वजनकाटा, मोबाईलमध्ये ॲप. भाकरी ताटात पडायच्या आधी काट्यावर चढायची. बायको म्हणायची, 'सोनाराच्या दुकानात जेवायला बसल्यासारखं वाटतंय.' रात्री अकरा वाजता घड्याळ सांगायचं की आठशे पावलं राहिली, की मी स्वयंपाकघर ते गॅलरी येरझारा घालायचो. दहा हजार झालीच पाहिजेत! हा आकडा आला कुठून, ते नंतर कळलं. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. कुणा डॉक्टरनं तपासून ठरवलेला आकडा नव्हता तो, विकायच्या वस्तूचं नाव होतं. चालणं चांगलंच आहे, पण मी झोप मोडून एका जाहिरातीची आज्ञा पाळत होतो.

मग जानेवारीत गावी आलो. मंगळवेढ्याची काळी जमीन आणि तिच्यातली ज्वारी तुम्हाला मी काय सांगणार? २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, ते सोडा. तुम्ही ती रोज खाता. चुलत्यांनी शेतात आगटी पेटवली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजत होती. एक जण भाजतोय, दुसरा गरम कणीस चोळतोय, तिसरा फुंकर मारून भुसकट उडवतोय. हुरडा एकट्यानं खायचा पदार्थच नाही. माझ्या तळहातावर मूठभर दाणे पडले, कोवळे, चिकाचे, वाफ येत असलेले. आणि मी काय केलं? दुसऱ्या हातानं मोबाईल काढला. ॲपमध्ये 'हुरडा' नव्हता. जवळचा पदार्थ म्हणून त्यानं 'पॉपकॉर्न' दाखवला. मी ग्रॅमचा अंदाज बांधत उभा. चुलते ओरडले, "आरं, गार हुतंय, खा की!"

खाल्ला. शेंगाची चटणी, गूळ, वर घट्ट दही. किती खाल्ला ते आजही माहीत नाही. दाणा असा दुधात थोडेच दिवस असतो, मग टणक होतो आणि खळ्यावर जातो.

त्या रात्री आईला हा सगळा प्रकार हसत हसत सांगितला. आई हसली नाही. ७२ च्या दुष्काळात ती लहान होती. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन दिवस काढलेली ही पिढी. ती म्हणाली, "आमच्यातबी भाकरी मोजायचे. सगळ्यास्नी पुरावी म्हणून." एवढंच बोलली आणि उठली. मला इतकी लाज क्वचितच वाटली असेल. तो काटा मी पुण्याला गेल्यावर माळ्यावर टाकला.

आता ज्यांना डॉक्टरांनी पथ्य सांगितलंय त्यांनी ते पाळावं. साखरेच्या दुखण्याला माझं भाषण औषध नाही. मी बोलतोय ते धडधाकट माणसांबद्दल, आणि तुमच्याबद्दल. दहावीच्या एका मुलाचं वेळापत्रक परवा पाहिलं. त्यात लिहिलं होतं, 'जेवण: १५ मिनिटे (व्हिडिओ लेक्चरसह)'. बाळा, त्या पंधरा मिनिटांत आईनं आमटीला कसली फोडणी दिली होती, ते सांगता येईल का तुला? शाळेत डबे उघडल्यावर दुसऱ्याच्या डब्यातली शेंगापोळी पळवता की नाही? पळवत असाल तर तुमचं बरं चाललंय, असं मी समजतो.

आपण दामाजीपंतांच्या गावचे. दुष्काळात त्यांनी सुलतानाची कोठारं भुकेल्यांसाठी उघडली. त्या धान्याचा हिशेब पुढे पांडुरंगानं चुकता केला, अशी आपली श्रद्धा. खाण्याचा हिशेब थेट विठोबावर सोडणाऱ्या गावात मी वजनकाट्याचं कौतुक सांगत फिरायचो, म्हणजे कमालच!

सरांनी मला वीस मिनिटं दिली होती. त्यातली बरीच मी परत करतोय. पहिल्या पंगतीला पाचवी-सहावीची मुलं बसणार आहेत. दहावीच्यांनी माझ्याबरोबर वाढायला यावं. मोबाईल बाईंकडे ठेवून या, आणि मसालेभाताचं पातेलं दोघांनी धरा, जड आहे.