मागचं दिसू द्या



आज तुम्हाला एक फोटो दाखवायचा आहे. रेडिओवरून तो दाखवायचा, म्हणजे आपल्याला जरा सावकाश बघावं लागेल. फोटो वाघोलीच्या दगडखाणीतला आहे.

नगर रस्त्यावरची वाघोली आता उंच इमारतींसाठी ओळखली जाते. २०२१ साली ती पुणे महापालिकेत आली. त्याआधी ती सरदार पिलाजीराव जाधवरावांची, वाघेश्वराच्या देवळाची आणि दगडखाणींची वाघोली होती. पुण्यातल्या किती घरांच्या पायातला डबर आणि किती स्लॅबमधली खडी इथून गेली असेल! तो दगड फोडणारी माणसं बरीचशी वडार समाजाची, पोटामागे लांबून आलेली. पुढे क्रशर आले आणि हातानं खडी फोडणं मागे पडलं. खाणी बंद पडल्या, त्यांत पाणी साचलं.

फोटोत एक बाई बसली आहे. डाव्या हाताच्या बोटांना सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळल्या आहेत, कपच्यांनी बोटं फुटू नयेत म्हणून. उजव्या हातात हातोडा. त्याचा दांडा बांबूचा, थोडा लवणारा, म्हणजे घाव नीट बसतो आणि मनगटाला हिसका कमी लागतो. बघणारे बहुतेक इथंच थांबतात. ‘काय चेहरा आहे!’ म्हणतात आणि पुढच्या फोटोकडे वळतात. तुम्ही थांबू नका. तिच्या मागे बघा.

मागे खाणीची उभी काळी भिंत आहे. तिच्यावर वरून खाली गेलेल्या सरळ पन्हळी दिसतात. त्या सुरुंगाच्या खुणा. कातळात भोक पाडायचं, दारू ठासायची. बार उडाला की निम्मी नळी दगडाबरोबर जाते आणि निम्मी भिंतीत राहते. पायथ्याशी दगडावर दगड रचून उभं केलेलं खोपट, पत्रा उडू नये म्हणून त्याच्यावर ठेवलेले धोंडे. बाजूला बांबूच्या तिकाटण्याला बांधलेली झोळी. आणि अगदी वर, खाणीच्या काठावर, परांची बांधलेली अर्धवट इमारत. बाई फोडते ती खडी कुठं जाते, तिचं मूल कुठं झोपतं, सगळं त्या एका चौकटीत आहे.

कॅमेऱ्याचं छिद्र, वेग, भिंगं यांत मी आज शिरत नाही. पण एक गोष्ट मला मनापासून खटकते, ती सांगतो. हल्ली मोबाइलच्या पोर्ट्रेट मोडमध्ये माणूस तेवढा लखलखीत येतो आणि मागचं सगळं लोण्यासारखं वितळून जातं. म्हाताऱ्या माणसाच्या सुरकुत्यांचे असे फोटो प्रदर्शनांतून खूप दिसतात. दिसायला देखणे, पण तो माणूस वाघोलीचा की वाईचा, कुंभार की कोष्टी, काही म्हणता काही कळत नाही. जे नाहीसं होतंय ते जपायचं म्हणून फोटो काढायचा आणि नेमकं तेच पुसून टाकायचं, हे मला पटत नाही.

ही खोड जुनी आहे. मुंबईत विल्यम जॉन्सन नावाच्या छायाचित्रकारानं इथल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली प्रसिद्ध केले. त्यातली माणसं एका ठिकाणी टिपलेली आणि मागचं दृश्य दुसरीकडचं, असं जोडकाम त्यानं केलं होतं. माणसांचे पोशाख, पागोटी, दागिने आपल्याला मिळाले, हे त्याचे उपकारच. पण त्यांचा उंबरठा, त्यांची गल्ली मात्र हातून गेली. उलट पॅरिसचा युजीन आत्जे बघा. अवजड लाकडी कॅमेरा आणि काचेच्या प्लेटा घेऊन १९२७ साली मरेपर्यंत तो जुनं पॅरिस टिपत राहिला. जिने, दुकानांच्या काचा, अंगणं, फरसबंदी. त्याच्या कित्येक फोटोंत माणूसच नाही, तरी तिथं माणसं कशी राहत असतील ते कळतं.

खाणीतला तो फोटो छापून मी त्या बाईंना नेऊन दिला. त्यांनी स्वतःचा चेहरा ओझरता पाहिला आणि बोट ठेवलं ते मागच्या खोपटावर. हे कुणाचं, ती झोळी कुणाच्या पोरासाठी, कुठल्या बाजूला सुरुंग लावला की सगळ्यांना लांब जाऊन बसावं लागायचं, असं सांगतच राहिल्या. मी ज्याला पार्श्वभूमी म्हणत होतो, ते त्यांचं गाव होतं. फोटो कसा वाचायचा, हे मी त्यांच्याकडून शिकलो.

म्हणून एक विनंती. घरातला एखादा जुना फोटो आज बाहेर काढा. चेहरे शेवटी बघा. आधी भिंत, फडताळ, अंगणातला रांजण, कोपऱ्यात अर्धवट आलेली बैलगाडी. ज्यांना हे सगळं ठाऊक आहे ती माणसं घरात आहेत तोवर त्यांना विचारा आणि फोटोच्या मागे पेन्सिलीनं हलक्या हातानं लिहून ठेवा: गाव, साल, नावं, कामं. आणि तुमच्या आळीत कुणी कल्हईवाला, कुणी पाटा-वरवंटा टाकवणारी दिसली, तर आधी विचारा, मग दोन पावलं मागे सरकून फोटो काढा. त्यांच्याबरोबर त्यांची जागाही येऊ द्या. आणि त्याची एक प्रत त्यांच्या हातात द्यायला विसरू नका.