रुग्णसेवेतला संगणक आणि आपल्या घरचा एक कागद

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानाचे शब्दांकन)



25 वर्षांपूर्वी इथं राहायला आलो तेव्हा आपल्यापैकी बहुतेकांची मुलं शाळेत होती. आज मुलं पुण्या-बंगलोरला आणि घरात आपण दोघंच. म्हणून समितीने हा विषय सुचवला तेव्हा मी लगेच हो म्हटलं. सुरुवात मात्र माझ्या चुकीपासून करतो.

कोरोनाची दुसरी लाट ओसरली होती. रात्री दोनला आपल्याच एका सभासदाच्या घरून फोन आला. "डॉक्टरसाहेब, यांना कसंतरी होतंय, घाम आलाय." मी अर्धवट झोपेत विचारलं, "ऑक्सिजन किती?" वहिनी म्हणाल्या, "97." "मग सकाळी बघू," म्हणून मी फोन ठेवला. सकाळी ईसीजी काढला तर हार्ट अटॅक! मग अकोल्यापर्यंत धावपळ. भाऊ आज पहिल्या रांगेत बसलेत, त्यांच्याच परवानगीने सांगतोय. पण हृदयाचा एक भाग कायमचा कमजोर झाला तो झालाच.

ऑक्सिमीटर खोटं बोलला नव्हता. बोटातून उजेड पाठवून रक्तात ऑक्सिजन किती ते तो सांगतो. हृदयाची रक्तवाहिनी बंद पडली तर ते त्याला कळत नाही. भाऊंना जुना डायबेटिस. अशा माणसाला अटॅकमध्ये छातीत कळ येईलच असं नाही, कधी नुसता घाम आणि अस्वस्थपणा. हे मी आयुष्यभर लोकांना सांगत आलो आणि त्या रात्री विचारायचं मीच विसरलो.

कॉम्प्युटर विसरला नसता. इंग्लंडमधल्या लीड्सला डॉ. डी डोंबाल यांनी पोटदुखीच्या निदानासाठी एक प्रोग्राम केला होता. दुखणं कुठं सुरू झालं, कुठं सरकलं, उलटी झाली का, असे ठरलेले प्रश्न प्रत्येक रुग्णाला विचारायचे आणि उत्तरं मशीनला द्यायची. 1972 मध्ये 304 रुग्णांचा हिशेब छापून आला. कॉम्प्युटरचं निदान 91.8 टक्के बरोबर, सर्वांत अनुभवी डॉक्टरांचं 79.6 टक्के. पुढे 8 हॉस्पिटलांत तेच केलं, तेव्हा पहिल्या तपासणीतलं अचूक निदान 45.6 वरून 65.3 टक्क्यांवर गेलं. गंमत बघा, नंतरच्या अभ्यासांत दिसलं की या सुधारणेचं बरंचसं श्रेय मशीनचं नव्हतंच. ते प्रश्नांच्या छापील फॉर्मचं होतं! डॉक्टर काही विचारायचं विसरत नव्हते, एवढंच.

दुसरी गोष्ट. लीड्सचा प्रोग्राम कोपनहेगनच्या रुग्णांवर वापरला, तर तो तितका बरोबर येईना. एका ठिकाणच्या रुग्णांवरून शिकलेलं दुसरीकडे जसंच्या तसं चालत नाही. आपल्या मुंबईतली क्यूअर नावाची कंपनी छातीच्या एक्स-रेवरून टीबीचा संशय सांगणारं सॉफ्टवेअर करते. अशा सॉफ्टवेअरला जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये मान्यता दिली, पण 15 वर्षं आणि त्यापुढच्या वयासाठीच. नातवाचा खोकला त्यात बसत नाही. ऑक्सिमीटरसुद्धा काळ्या त्वचेवर कधी कधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो, हे 2020 मध्ये अमेरिकेतल्या रुग्णांवरून छापून आलं. आपल्या उन्हातल्या माणसांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

आयसीयूतल्या मॉनिटरबद्दल नातेवाईक नेहमी विचारतात. त्यावर हृदयाचे ठोके, श्वास, बीपी, ऑक्सिजन सगळं दिसतं, आणि मर्यादा ओलांडली की तो वाजतो. पण वायर सुटली, पेशंट हलला, तरी वाजतो. दिवसभर ऐकून स्टाफचे कान सरावतात, हा जगभरचा प्रश्न आहे. तेव्हा आवाज आला की आधी पेशंटकडे बघा. तो वेगळा वाटला तर सिस्टरांना हाक मारा, संकोच करू नका.

आता आपलं काम. बुलढाण्याहून मोठ्या हॉस्पिटलला पोचायला दोन-तीन तास जातात. 108 ची गाडी आली की डॉक्टर पहिलं विचारतील, कोणती औषधं चालू आहेत? तेव्हा वहिनींनी कपाटातल्या डब्या शोधायच्या का? मी एक पानाचा फॉर्म केलाय. आजार, औषधं आणि डोस, कशाची ॲलर्जी, ऑपरेशनं, मुलांचे नंबर. सोबत बरं असतानाचा एक ईसीजी. नवा ईसीजी डॉक्टर वाचो की मशीन, जुना शेजारी ठेवला की कालपासून काय बदललं ते दिसतं. या कागदाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, मुलांनाही पाठवा. आणि घाम, दम, छाती-जबडा-हात भरून येणं, असं काही असेल तर आकडा कितीही चांगला दिसो, आधी 108 लावा. मला नंतर.

फॉर्म सचिवांच्या टेबलावर आहेत. पहिला भाऊंनी भरला, दुसरा मी. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांनी रविवारी सकाळी माझ्याकडे यावं, औषधांच्या डब्या पिशवीत घालून. चहा आमच्याकडे.