आजारी लाकडाचा दरवळ

आज बोलायचं आहे ते एका महागड्या सुगंधाबद्दल. मॉलमधल्या काचेच्या कपाटात अशा बाटल्या मांडलेल्या असतात. विक्रेता कागदाच्या पट्टीवर फवारा मारतो, पट्टी आपल्या हातात देतो आणि सांगतो, ‘चॉकलेट, ऑरिस आणि ऊद. बायकांना, पुरुषांना, दोघांनाही चालतं.’ किंमत ऐकली की पट्टी हळूच परत करावीशी वाटते. बोनकोड्यातल्या एका खोलीचं काही महिन्यांचं भाडं त्यात सहज निघावं! वास आवडला की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण एवढे पैसे नेमके कशाचे, हे मात्र घेणाऱ्याला कळायला हवं.

बोनकोड्याला वासांची ओळख नव्यानं करून द्यायला नको. ठाणे खाडीकाठच्या पट्ट्यातलं हे जुनं गाव. १९७० मध्ये सिडको आली, शेतं गेली, भोवती कोपरखैरण्याचे सेक्टर उभे राहिले. गावठाण मात्र जागच्या जागी राहिलं. खारफुटीतला चिखल, उन्हात वाळणारे बोंबील, ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या रासायनिक कारखान्यांचा दर्प, हे सगळे वास इथल्या नाकांनी ओळखले आहेत. म्हणून एक गोष्ट इथे चटकन पटेल. ताज्या बोंबलाला सुक्या बोंबलाचा वास नसतो. तो उन्हानं येतो, दिवस गेल्यावर येतो. त्या महागड्या बाटलीतल्या तिन्ही सुगंधांचं गुपितही हेच आहे.

आधी चॉकलेट घेऊ. कोकोचं ताजं फळ फोडलं तर आत पांढऱ्या, आंबटगोड गरात गुरफटलेल्या बिया दिसतात. त्यांना चॉकलेटचा वास नसतो. त्या बियांचे ढीग घालून, वर केळीची पानं झाकून पाच-सात दिवस त्या आंबवतात, मग वाळवतात, मग भाजतात. भाजल्यावर कुठे तो ओळखीचा वास उठतो. अत्तराच्या बाटलीत कोकोचा अर्क घालता येतो. पण बहुतेक वेळा व्हॅनिलिन आणि इतर रसायनं एकत्र करून चॉकलेटचा भास उभा केला जातो. १९९२ मध्ये फ्रान्समध्ये ‘एंजल’ नावाचं अत्तर आलं. त्यात साखरेच्या पाकासारखा वास देणारं एथिल माल्टॉल होतं आणि त्याच्या जोडीला पॅचौली होती. पॅचौली म्हणजे फुलवाल्याकडे मिळणाऱ्या आपल्या पाचेच्याच कुळातली. खाऊच्या वासाची अत्तरं तिथून पुढे जगभर रुळली.

दुसरं नाव ऑरिस. हे आयरिस या फुलझाडाचं जमिनीखालचं खोड. काश्मीरमध्ये कबरस्तानांत जांभळी-निळी फुलं फुललेली दिसतात, ती याच कुळातली. अत्तरासाठीचं आयरिस इटलीत फ्लॉरेन्सच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या लावलं जातं. झाड दोन-तीन वर्षं वाढवायचं, खोड खणून काढायचं, सोलून वाळवायचं आणि मग आणखी तीन ते पाच वर्षं तसंच ठेवून द्यायचं. आपल्याकडे तांदूळ जुना करतात ना, तसं! या मुरण्याच्या काळात त्यात आयरोन नावाची द्रव्यं तयार होतात आणि पावडरीसारखा, व्हायोलेटच्या फुलासारखा मंद वास येतो. ताज्या खोडात तो नसतो. त्याचा अर्क लोण्यासारखा घट्ट असतो, म्हणून त्याला ऑरिसचं लोणीच म्हणतात. लावल्यापासून पाच ते आठ वर्षांनी हाती येणारा हा माल स्वस्त कसा असेल? १८९३ मध्ये टीमान आणि क्र्यूगर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी याच वासाचा माग काढताना आयोनोन हे जवळपास त्याच वासाचं द्रव्य प्रयोगशाळेत बनवलं. तेव्हापासून व्हायोलेटचा वास साध्या साबणातही येऊन बसला.

तिसरा ऊद. नाव अरबी असलं तरी माल आपल्या ओळखीचा आहे. ऊद म्हणजे संस्कृतातला अगरु. हे झाड आसामात आणि ईशान्येच्या इतर राज्यांत वाढतं. निरोगी झाडाचं लाकूड फिकट, हलकं आणि बिनवासाचं असतं. त्याला किडीनं भोक पाडलं, जखम झाली, बुरशी शिरली, की झाड स्वतःला वाचवण्यासाठी गडद राळ तयार करतं. ती राळ भिनलेलं लाकूड काळसर होतं, जड होतं, उत्तम प्रतीचं तर पाण्यात बुडतं. जगातली सर्वांत महागडी लाकडं मोजायला बसलं, तर त्यांत हे आजारी लाकूड येतं!

आसामात या झाडाला सांची म्हणतात. पूर्वी त्याच्या सालीवर पोथ्या लिहीत. सातव्या शतकात कामरूपच्या राजानं हर्षाला पाठवलेल्या भेटींत अगरूच्या सालीवर लिहिलेली पुस्तकं होती, असं बाणभट्टानं नोंदवलं आहे. मुंबईचाही या व्यापाराशी जुना संबंध आहे. आसामातल्या होजाईहून आलेल्या अजमल अली यांनी १९५१ मध्ये आपला अत्तराचा व्यवसाय मुंबईतच सुरू केला. पुढे त्या घराण्याचं नाव आखाती देशांत घरोघरी पोचलं. युरोप-अमेरिकेच्या महागड्या बाटल्यांत ऊद रुजला तो बराच उशिरा, २००२ मधल्या ‘एम सेव्हन’ या अत्तरानंतर.

श्रोतेहो, खरा प्रश्न इथेच सुरू होतो. झाडाच्या आत राळ आहे की नाही, हे बाहेरून खात्रीनं कळत नाही. त्यामुळे राळेच्या शोधात निरोगी झाडंही तोडली गेली. १९९५ पासून आसामी अगरूचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइट्स’ कराराच्या नियंत्रणाखाली आहे. जंगलातलं हे झाड आज अतिसंकटग्रस्त मानलं जातं. आसामात लोकांनी घराच्या परसात, चहाच्या मळ्यांत अगरु लावला, म्हणून तो डोळ्यांना तरी दिसतो. आसाम सरकारनं २०२० मध्ये अगरूच्या लागवडीसाठी वेगळं धोरणही आणलं.

मग बाटलीवर ‘ऊद’ लिहिलं म्हणजे आत अगरूचं तेल असतंच का? नाही. अत्तराच्या वर्णनात ‘नोट’ म्हणजे नाकाला होणारा भास. ती घटकांची यादी नव्हे. आमरसाच्या वासाचं आइस्क्रीम आणि आमरसाचं आइस्क्रीम यांत जो फरक, तोच इथे. पण प्रयोगशाळेतला ऊद म्हणजे फसवणूकच, असंही समजू नका. त्यानं जंगलातल्या झाडावरची कुऱ्हाड थोडी तरी लांबते. फसवणूक होते ती बनवलेल्या वासाला अस्सल तेलाची किंमत लावली तर.

राहिली गोष्ट ‘बायकांना, पुरुषांना, दोघांनाही’ या शब्दांची. १९९४ मध्ये ‘सीके वन’ आलं तेव्हा पाश्चात्त्य बाजारात याचा मोठा गाजावाजा झाला. आपल्याला त्यात नवल ते काय? लग्नात दारातच अत्तरदाणी आणि गुलाबदाणी असते. आत्याबाई आणि मामा दोघांच्याही मनगटावर एकाच दाणीतलं अत्तर लागतं. आजोबा कानात फाया ठेवत, तोच वास आजीच्या ट्रंकेतल्या शालूलाही असे. हिना बाईचा की पुरुषाचा, असं कोणी विचारत नसे.

आणि हे शास्त्रही आपल्याला परकं नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं बृहत्संहितेत गंधयुक्तीवर अख्खा अध्याय लिहिला. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडली तर १८२० मिश्रणं होतात, हा हिशेब त्यानं तिथे मांडला आहे. त्या द्रव्यांत अगरूही आहे. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांनी ‘गंधसार’ आणि ‘गंधवाद’ या सुगंधशास्त्रावरच्या दोन ग्रंथांची दुर्मीळ पोथी अभ्यासकांपुढे आणली. त्यातल्या ‘गंधवादा’वर चक्क मराठी टीका आहे! म्हणजे अत्तर कसं बनवावं, हे काही शतकांपूर्वी कोणीतरी मराठीत समजावून सांगत होतं. हे दोन्ही ग्रंथ १९८९ मध्ये बडोद्याहून छापून प्रसिद्ध झाले.

ही परंपरा पोथीतच राहिली असंही नाही. बोनकोड्याहून ऐरोलीचा पूल ओलांडला की मुलुंड. १९२२ मध्ये सुरू झालेली एस. एच. केळकर आणि कंपनी ही मराठी माणसांची सुगंधी द्रव्यांची पेढी तिथेच वाढली. साबणाला, उदबत्तीला लागणारे सुगंध बनवता बनवता ती देशातल्या मोठ्या सुगंध-उद्योगांत जाऊन बसली. केळकर एज्युकेशन ट्रस्टच्या वझे महाविद्यालयात सुगंध आणि सौंदर्यप्रसाधनांचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहे. रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालेल्या आपल्या मुलामुलींना ‘पुढे काय?’ हा प्रश्न पडतो. ज्यांचं नाक चांगलं आहे, त्यांनी या वाटेची चौकशी जरूर करावी. बाटली विकत घेणं प्रत्येकाला जमणार नाही. पण ती बनवणाऱ्यांच्या रांगेत बोनकोड्यातली मुलगी उभी राहू शकते.

आता घेणाऱ्यांसाठी दोन शब्द. कागदाच्या पट्टीवरून निर्णय करू नका. थेंबभर मनगटावर लावा आणि दुकानाबाहेर पडा. पहिला वास थोड्या वेळात उडतो. ऊद आणि चॉकलेट मागाहून येतात आणि तासन्‌तास रेंगाळतात. खाज सुटली, त्वचा लाल झाली तर ते अत्तर आपलं नव्हे. एका वेळी दोन-तीनच वास घ्या, चौथ्याला नाक दमतं. आणि विक्रेत्याला एवढं जरूर विचारा, ‘यात ऊदाचं तेल आहे, की नुसता वास? तेल असेल तर लागवडीतलं की जंगलातलं?’ उत्तर नीट मिळालं नाही, तर पैसे खिशातच राहू द्या. मोहल्ल्यातल्या जुन्या अत्तरवाल्याकडची छोटी कुपीही सणासुदीला पुरेल आणि ती घरातल्या सगळ्यांना चालेल.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)